दुर्बळांची मसलत

ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात बास्केटबॉलला हात लावलेला नाही, दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ज्याला मधल्या वळणावर थांबून खिडकीतले दृश्य न्याहाळण्याचा बहाणा करावा लागतो, आणि उंच फळीवरचा डबा काढण्यासाठी जो निमूटपणे स्टूल शोधतो, त्याने रात्री साडेअकरा वाजता संगणकासमोर बसून, साडेसहा फूट उंचीच्या डझनभर काल्पनिक तरुणांनी उद्या चेंडू आत न्यावा की बाहेरून फेकावा याचा धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्र्याच्या गांभीर्याने ऊहापोह करावा, हा आपल्या काळातला एक अद्भुत व्यवहार आहे. त्याहून अद्भुत गोष्ट ही की, ज्या दिवशी त्याचा संघ प्रतिपक्षापेक्षा बलवान असतो त्या दिवशी हा ऊहापोह होतच नाही. तो दोन मिनिटांत हुकूम सोडून झोपी जातो. मसलत ही केवळ दुर्बळांची चैन आहे, आणि ती ते मन:पूत भोगतात.

या खेळांना व्यवस्थापनाचे खेळ म्हणतात, आणि ते नाव अगदी यथार्थ आहे. कारण त्यांत खेळ जवळजवळ नसतो आणि व्यवस्थापन मात्र अपरंपार असते. ‘बझरबीटर’ हा त्यांपैकी बास्केटबॉलचा एक प्रसिद्ध खेळ. त्यात तुमच्या वाट्याला एक संघ येतो. त्या संघातल्या तरुणांना दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, प्रेक्षागृहात आसने वाढवावी लागतात, तिकिटांचे दर ठरवावे लागतात, कोणाला कोणत्या कौशल्याची तालीम द्यायची ते आधीच लिहून द्यावे लागते, आणि या सर्व जमाखर्चातून सवड मिळालीच तर अधूनमधून एखादा सामनाही होतो. सामना सुरू झाल्यावर मालकाला फिरवाफिरव करता येत नाही. कोण आधी उतरणार, कोण बदली म्हणून येणार, आक्रमण कसे, बचाव कसा, हे सारे खलित्यात बंद करून आगाऊ रवाना करायचे, आणि मग पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या वर्णनाच्या ओळी वाचत आपल्या कर्माची फळे पाहत बसायचे, एवढेच त्याच्या हाती उरते. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला हा खेळ एका बैठकीत समजला असता.

माझे एक नागपूरचे स्नेही कोषागारातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर या खेळात रमले, यात मला तरी नवल वाटले नाही. प्रतिपक्षाच्या खेळाडूंचे पगार उघड दिसतात, ही त्यांच्या दृष्टीने या खेळाची सर्वांत मोठी माधुरी. समोरच्या संघाचा साप्ताहिक पगार आपल्या पगाराच्या दुप्पट आहे असे दिसले की सामान्य माणूस हताश होतो; आमचे स्नेही प्रथम प्रसन्न होतात. इतका खर्च करूनही या माणसाला केवळ तिसरा क्रमांक मिळाला आहे, म्हणजे कुठेतरी गैरव्यवस्था असलीच पाहिजे, आणि गैरव्यवस्था असेल तर ती आपल्या नजरेतून सुटणार नाही, असा त्यांचा चाळीस वर्षांच्या नोकरीतून आलेला दृढ विश्वास आहे. मग ते त्या संघाचे मागचे सामने उघडतात, बाहेरचा बचाव किती, आतला बचाव किती, चेंडू उसळल्यावर झेलण्याचे सामर्थ्य किती, या नोंदी वहीत उतरवतात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांच्या सौभाग्यवती दारात येऊन म्हणतात, “अहो, झोपू द्या की आता त्या पोरांना. उद्या सामना आहे ना त्यांचा?”

आक्रमणाच्या पद्धती या खेळात दहा. ‘बेस ऑफेन्स’ म्हणजे विशेष काहीही न करणे. याला व्यवस्थापकांच्या जगात तेच स्थान आहे जे सरकारी पत्रात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ या शेऱ्याला आहे. ‘पुश द बॉल’ म्हणजे घाई, आणि ‘पेशंट’ म्हणजे सबुरी. दोन्हींत दिशेचा आग्रह नाही. ‘लुक इनसाइड’ आणि ‘लो पोस्ट’ यांत चेंडू कड्याखाली उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाकडे न्यायचा, आणि पुढचे त्याच्या खांद्यांवर सोपवायचे. त्यांपैकी ‘लो पोस्ट’ची चाल संथ. ‘मोशन’, ‘रन अँड गन’ आणि ‘प्रिन्स्टन’ या तिन्ही पद्धती बाहेरून नेम धरणाऱ्यांच्या. पैकी पहिली मध्यम गतीची, दुसरी धावपळीची, तिसरी रेंगाळणारी. उरलेल्या दोन ‘आयसोलेशन’ नावाच्या, ज्यांत एकट्या वीराला मोकळी जागा करून देऊन बाकीचे चौघे साक्षीदार म्हणून उभे राहतात. ज्या संघात असा वीर असतो तो संघ बहुधा दुर्बळ नसतो, आणि जो दुर्बळ असतो त्याचा मालक आपल्या एका बऱ्यापैकी पोराला वीर समजून या पद्धतीच्या नादी लागतो, हे सांगून मी या दोहोंची रजा घेतो.

आता प्रश्न असा की समोर प्रबळ प्रतिपक्ष असता यांपैकी काय निवडावे. गणिताचे उत्तर सरळ आहे, आणि व्यवस्थापकांना ते सहसा रुचत नाही. कल्पना करा की प्रबळ संघ चेंडूचा ताबा मिळाल्यावर शंभरात पंचावन्न वेळा यशस्वी होतो आणि दुर्बळ पंचेचाळीस वेळा. प्रत्येकाला शंभर संधी मिळाल्या तर दुर्बळाचा निखळ विजय शंभरांतल्या सुमारे सात सामन्यांत होईल. संधी पंचविसावर आणल्या तर तोच आकडा वीसच्या आसपास जातो. कर्तृत्व तेवढेच, माणसे तीच, पण दैवाला लुडबूड करण्यास जितका कमी वेळ तितकी ती लुडबूड निर्णायक. प्रबळाला लांबलचक लढा हवा असतो, कारण दीर्घकाळात गुण प्रकट होतात. दुर्बळाचे हित गुण प्रकट न होण्यात असते. एवढे मान्य करण्यासाठी जो मनाचा मोठेपणा लागतो तो रात्री साडेअकरा वाजता फार थोड्यांच्या अंगी असतो.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरते याचे सर्वांत निर्लज्ज आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद उदाहरण 22 नोव्हेंबर 1950 रोजी मिनियापोलिस येथे घडले. तिथल्या लेकर्स संघात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा, चष्मा लावणारा महापुरुष होता, आणि त्याच्याशी कड्याखाली झोंबण्यात अर्थ नाही हे फोर्ट वेन पिस्टन्स या पाहुण्या संघाने पुरते ओळखले होते. तेव्हा नेम धरण्यास कालमर्यादा नव्हती. पाहुण्यांनी चेंडू घेतला आणि तो नुसता जवळ बाळगला. प्रेक्षक ओरडले, हुर्यो उडवली. पाहुणे वारसाहक्काच्या दाव्यातल्या प्रतिवादीप्रमाणे ढिम्म राहिले. अखेर सामना 19 विरुद्ध 18 असा पाहुण्यांनी जिंकला. लेकर्सच्या अठरांपैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे होते, आणि शेवटच्या चतुर्थकात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले. व्यावसायिक बास्केटबॉलच्या त्या सर्वोच्च स्पर्धेत यापेक्षा कमी गुणांचा सामना पुन्हा झाला नाही. कारण तो होऊ नये अशी तजवीज पुढे करण्यात आली. 1954 साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब केला: अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद 2880, बऱ्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून नेम सुमारे 120, भागाकार चोवीस. या एका भागाकाराने दुर्बळांचे सर्वांत मोठे संस्थान खालसा झाले. बियासोन यांचा मूळ धंदा बोलिंग खेळण्याची जागा चालवण्याचा होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन कोणी उभा राहिलेला त्यांना खपण्यासारखा नव्हताच.

संस्थान गेले तरी जहागिरी उरल्या. ‘प्रिन्स्टन’ या नावाची पद्धत त्यांतलीच. प्रिन्स्टन विद्यापीठात पीट कॅरिल यांनी 1967 पासून 1996 पर्यंत संघाला शिकवले, आणि ज्या विद्यापीठात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही तिथे उंच, वेगवान आणि महागडी मुले येणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरून त्यांनी सगळी रचना केली. चेंडू पाचही जणांत फिरत ठेवायचा, घड्याळ उतरू द्यायचे, आणि प्रतिपक्षाचा रखवालदार चेंडूकडे पाहत एक पाऊल पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून गुपचूप कड्याकडे शिरायचे. मार्च 1996 मध्ये, निवृत्ती जाहीर केल्यानंतर, कॅरिल यांच्या संघाची गाठ आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए संघाशी पडली. अखेरच्या चार सेकंदांच्या आसपास तोच पाठीमागचा दरवाजा उघडला, आणि 43 विरुद्ध 41 असा निकाल लागला. पुढच्याच फेरीत प्रिन्स्टनचा पराभव झाला, ही गोष्ट मात्र या पद्धतीचे भक्त सांगताना नेमकी गाळतात. भक्तिमार्गात ते क्षम्य आहे.

दुसरा एक मार्ग लांबून नेम धरण्याचा. जो संघ दोन गुणांचे नेम शंभरात पन्नास मारतो आणि जो संघ तीन गुणांचे नेम तिनांत एक मारतो, त्या दोघांची दर नेमामागे सरासरी प्राप्ती एकच, एक गुण. परंतु चढउताराचे माप घेतले तर दुसऱ्याचे पहिल्याच्या बरोबर दुप्पट भरते. म्हणजे सरासरी न वाढवता केवळ भाग्याचा हेलकावा मोठा करण्याची सोय नियमांनीच करून ठेवलेली आहे, आणि ज्याची सरासरी मुळात अपुरी आहे त्याने या सोयीचा लाभ न घेणे हा अर्थशास्त्रीय अपराध होय. डीन ऑलिव्हर यांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या ग्रंथात दुर्बळाने जोखीम पत्करावी हा विचार व्यवस्थित मांडलेला आहे. तेव्हा ‘रन अँड गन’चा मोह समजण्यासारखा आहे, पण त्यात एक विसंगती आहे: लांबचे नेम हेलकावा वाढवतात आणि धावपळ संधींची संख्या वाढवून तो पुन्हा कमी करते, उजव्या हाताने दिलेली सूट डाव्या हाताने वसूल करणाऱ्या मामलेदाराचीच ही तऱ्हा. संथ चाल आणि बाहेरचे नेम, अशी दोन्ही कलमे एकाच सनदेत हवी असतील तर गणित पुन्हा ‘प्रिन्स्टन’कडेच बोट दाखवते.

आमच्या स्नेह्यांनी हे सारे वहीत दोन स्तंभांत लिहून काढले, खाली रेघ मारली आणि मग स्वत:च्या संघाकडे वळून पाहिले. गेले कित्येक महिने त्यांनी तालमीचा सगळा भर कड्याखालच्या धिप्पाड मंडळींवर दिला होता. त्यांचे दोन्ही सेंटर आतून चेंडू मारण्यात वाकबगार. बाहेरून नेम धरण्याची त्यांच्या पोरांची पात्रता मात्र या खेळाच्या भाषेत, जिथे कौशल्ये विशेषणांत मोजतात, अत्यंत खेदजनक अशा पायरीवर होती. अशा संघाला ‘प्रिन्स्टन’चा हुकूम देणे म्हणजे पायदळाला घोड्यावरून उतरण्याची आज्ञा देणे. आणि इथेच या सर्व मसलतीतली मेख आहे. आक्रमणाची निवड सामन्याच्या आदल्या रात्री होत नसते. ती तालमीचा तक्ता भरताना, बाजारात एखादा खेळाडू घेताना किंवा न घेताना, सहा महिन्यांपूर्वीच होऊन गेलेली असते. आदल्या रात्री जे चालते तो त्या जुन्या निर्णयाचा वाचनविधी. परंतु विधीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. विधी नसता तर माणसे एवढा वेळ जागी राहून काय करणार होती?

मराठी व्यवस्थापक अशा वेळी गनिमी काव्याचे नाव काढतो. मी ऐकलेल्या अशा संवादांत ‘आपण गनिमी कावा करू’ हे वाक्य इतक्या सहज येते की जणू ती अकरावी पद्धत यादीत छापायची राहून गेली आहे. गनिमी काव्याला सह्याद्री लागतो. घाट लागतात, खिंडी लागतात, पावसाळा लागतो, आणि शत्रूला वाट न सापडणे हे तर सर्वांत अगत्याचे. बास्केटबॉलचे आंतरराष्ट्रीय मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, सपाट, घासूनपुसून लखलखीत केलेले, वरून दिव्यांचा झगझगाट. तिथे दबा धरायला एक खुर्चीसुद्धा नाही, आणि असलीच तर तिच्यावर पंच बसलेला असतो. रसद तोडावी म्हटले तर मध्यंतरात दोन्ही बाजूंना पाणी सारखेच मिळते.

पण दुर्बळाच्या मनात खरी कालवाकालव चालते ती विजयासाठी नव्हेच. गणिताचा सल्ला मानायचा तर चाळीस गुणांनी धुव्वा उडण्याची तयारी ठेवून, शंभरांतल्या वीस शक्यतांवर डाव लावायचा. आणि माणसाची तर चाळीस गुणांनी हरण्यास सक्त हरकत असते. बारा गुणांनी, सभ्यपणे, ‘शेवटपर्यंत झुंज दिली’ असे म्हणता येईल अशा बेताने हरण्यास तो आनंदाने तयार असतो. निश्चित आणि अब्रूदार पराभव त्याला अनिश्चित आणि बेअब्रू होण्याजोग्या विजयापेक्षा प्रिय. संथ पद्धतींची लोकप्रियता मला तरी यातूनच उगवलेली दिसते: त्यांत जिंकण्याची शक्यता वाढते हे निमित्त, आणि एकूण गुणच कमी झाल्याने हरण्याचे अंतर कमी दिसते हे कारण. 95 विरुद्ध 60 या आकड्यांत जी नामुष्की आहे ती 66 विरुद्ध 48 मध्ये नाही, मग भले दोन्ही संध्याकाळी प्रतिपक्षाचे बदली खेळाडू जांभया देत खेळले असोत. हरण्याला संकोचणाऱ्यांनी खुद्द बास्केटबॉलच्या जनकाकडे पाहावे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ निर्माण केला; पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी 55 सामने जिंकले आणि 60 गमावले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकटेच. ज्याने टोपली ठोकली त्यालाच जर ती पुरेशी भरता आली नाही, तर कोषागाराच्या लेखापरीक्षकाने लाजण्याचे कारण नाही.

‘बझरबीटर’ने या मसलतीवरही एक मजला चढवलेला आहे. प्रतिपक्ष कोणत्या दिशेने आणि कोणत्या गतीने आक्रमण करील याचा अंदाज आगाऊ नोंदवण्याची सोय खेळात आहे. अंदाज बरोबर निघाला तर बचावाला लाभ, चुकला तर तोटा. झाले, एवढ्या एका कलमाने सज्जन माणसांची झोप उडवली आहे. तो आतून येईल असे मी लिहीन हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो बाहेरून येईल. पण मी हे ताडले असेल हेही त्याला ठाऊक असल्यामुळे तो आतूनच येईल, अशी ही साखळी तर्कशास्त्राच्या नियमानुसार अनंतापर्यंत आणि व्यवहारात जेवण गार होईपर्यंत चालते. प्रतिपक्षाचा मालक आठवडाभर खेळाकडे फिरकलेलाच नाही, त्याने मागे कधीतरी भरून ठेवलेला हुकूम आपोआप लागू होत आहे, हे उघड दिसत असूनही आमच्या स्नेह्यांनी त्यात डाव ओळखला. “हा मुद्दाम दिसेनासा झालाय,” ते म्हणाले.

शिवाय एक शेवटचे कलम आहे, आणि प्रामाणिक माणसाला ते सर्वांत आधी आठवायला हवे. संघाने किती जोर लावावा हेही लिहून द्यावे लागते: निर्णायक जोर, नेहमीचा जोर, किंवा चक्क ‘टेक इट ईझी’. शेवटच्या पर्यायात आजचा सामना अर्धवट सोडून दिला जातो आणि त्या बदल्यात पोरांचा उत्साह पुढच्या सामन्यांसाठी शिल्लक पडतो. हिशेबी दृष्टीने, अजिंक्य दिसणाऱ्या प्रतिपक्षाविरुद्ध हाच निर्णय बहुतेक वेळा शहाणपणाचा, आणि उत्साह ही वस्तू बचत खात्यात ठेवता येते ही कल्पना तर एखाद्या अर्थमंत्र्याने हेवा करावा अशी. पण ज्याने तीन रात्री जागून वही भरली आहे त्याला ‘टेक इट ईझी’ हे शब्द वाचवत नाहीत. तो निर्णायक जोराची कळ दाबतो, त्या दिवशीही हरतो, आणि दमलेल्या पोरांसह पुढचा सामना, जो त्याने सहज जिंकला असता, तोही घालवतो.

आमच्या स्नेह्यांनी त्या रात्री शेवटी ‘लो पोस्ट’ लिहिले, जे ते दर आठवड्याला लिहितात. सामना अकरा गुणांनी गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दूरध्वनीवर तासभर त्याची कैफियत ऐकवली, आणि तीत पराभवाची कारणे कोणती होती यापेक्षा ती किती सखोल होती हेच मला अधिक समजले.

पण खरी मौज त्यानंतरच्या आठवड्यात झाली. वेळापत्रकाने त्यांची गाठ तळाच्या एका संघाशी घातली, ज्याच्या मालकाचा साप्ताहिक पगारखर्च त्यांच्या निम्माही नव्हता. स्नेह्यांनी वही उघडलीच नाही. ‘बेस ऑफेन्स’, नेहमीचा जोर, आणि दहाच्या ठोक्याला निद्रा. सकाळी उठून पाहतात तो त्या मालकाने चेंडू संथपणे फिरवत, घड्याळ उतरवत, लांबून आंधळे नेम मारत आणि त्यांतले निम्मे घालत दोन गुणांनी सामना नेलेला. मी त्यांना सहानुभूतीचे चार शब्द बोलावेत म्हणून गेलो, तेव्हा ते खेळाच्या चालकांना उद्देशून एक अर्ज लिहिण्यात गढून गेले होते. अर्जाचा मथळा होता ‘संथ पद्धतींच्या गैरवापरास आळा घालण्याबाबत’, आणि पहिल्या परिच्छेदात त्यांनी असे प्रतिपादन केले होते की, अशा युक्त्यांमुळे गुणवान संघांवर घोर अन्याय होत असून नव्या व्यवस्थापकांच्या मनावरही त्याचा विपरीत परिणाम होतो. सोबत सहपत्र म्हणून आकडेवारीचा तक्ता जोडलेला होता, आणि त्याची स्थळप्रत त्यांनी स्वत:च्या दफ्तरी ठेवली होती.